कुवलयानंदांनी मोजलेला श्वास

अमुक योग्याने स्वतःला जमिनीत पुरून घेतलं, तमुक बाबांनी नाडी थांबवून दाखवली, अशा गोष्टी शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे गावोगाव सांगितल्या जात. जत्रेत असे प्रयोग होत, समोर पैसे पडत, आणि बघणारे हात जोडून घरी जात. त्याच काळात एक मराठी शिक्षक नौली करणाऱ्या विद्यार्थ्यांना बडोद्याच्या हॉस्पिटलात एक्स-रे यंत्रापुढे उभं करत होता. पोटाचे स्नायू असे फिरवले तर आत नेमकं काय होतं, हे त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं. हा शिक्षक म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. पुढे देश त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागला.

आपल्या रायगडातून खोपोलीचा घाट चढून वर गेलं की लोणावळ्यात त्यांची कैवल्यधाम ही संस्था आहे. शिबिरांमुळे ती अनेकांना माहीत असते. पण तिचा जन्म प्रयोगशाळा म्हणून झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. श्वास रोखला, ऑक्सिजन कमी झाला, की प्रत्येकाचं हृदय वेगळं का वागतं, हा प्रश्न मला रोजच्या कामात पडतो. त्याच्या मुळाशी जायचं तर या माणसाची गोष्ट उपयोगी पडते.

गुण्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत डभोई इथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. तरी १९०३ साली मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. ही शिष्यवृत्ती मिळवणारा विद्यार्थी सहसा संस्कृतचा प्राध्यापक किंवा वकील होई. हे मात्र बडोद्याला शिकत असताना राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत दाखल झाले आणि १९०७ पासून तीन वर्षं देशी व्यायाम शिकले. डोक्यात स्वदेशीचं वारं होतं. लग्न न करता देशाच्या कामाला लागायचं, असं ठरलेलं होतं. पुढे खानदेशात अमळनेरला शिक्षणाच्या कामात पडले आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ते कॉलेज फार काळ टिकलं नाही.

दरम्यान १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसरला राहणाऱ्या परमहंस माधवदासजींची गाठ पडली आणि योगाची खरी दीक्षा तिथे मिळाली. इथवरची गोष्ट त्या काळच्या अनेक साधकांसारखीच आहे. वेगळेपण पुढे आहे. गुरूंनी शिकवलेल्या क्रियांचा परिणाम स्वतःच्या शरीरावर जाणवत होता, पण त्याची कारणं जुन्या ग्रंथांतल्या भाषेत सांगून त्यांचं समाधान होईना. म्हणून १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या हॉस्पिटलात उड्डियान आणि नौली यांचे एक्स-रे काढून झाले. त्यानंतर १९२४ च्या दसऱ्याला लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झालं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक निघालं. त्यात आसनांची चित्रं, रक्तदाबाचे तक्ते, एक्स-रे आणि योगाचं तत्त्वज्ञान एकाच अंकात सापडतं.

त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. बस्ती या क्रियेत योगी पाण्यात बसून गुदद्वारावाटे पाणी वर ओढून घेतो. आतडं उलट्या दिशेने हालचाल करतं म्हणून पाणी चढतं, असा समज होता. कुवलयानंदांनी आतड्यातला दाब थेट मोजला. नौली करताना तो बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, म्हणून पाणी आपोआप आत खेचलं जातं, हे त्यातून दिसलं. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढावा तसंच ते आहे. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं. शोध भौतिकशास्त्राचा आणि नाव गुरूचं, यात त्यांना काहीच विसंगत वाटलं नाही.

मग ते श्वासाकडे वळले. प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हाही सांगितलं जाई आणि आजही सांगितलं जातं. कुवलयानंदांनी उच्छ्‌वासाची हवा गोळा करून तिच्यातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. आकडे पाहून ते या निष्कर्षाला आले की प्राणायामाचा फायदा ऑक्सिजनच्या जास्तीच्या पुरवठ्यात शोधण्यात अर्थ नाही, तो मज्जासंस्थेत शोधायला हवा. योगाचा प्रचार करणाऱ्याच माणसाने योगाचा सर्वांत लोकप्रिय दावा खोडून काढावा, हे आजही दुर्मीळ आहे.

त्यांचं म्हणणं बरोबर का होतं, ते आता बोटाला ऑक्सिमीटर लावणारा कोणीही पडताळू शकतो. निरोगी माणसाचं रक्त साध्या श्वासातही ९६ ते ९९ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून उपयोग नाही. जोरजोरात श्वास घेतल्याने बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. तो रक्तातून धुवून निघतो, हाताला मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि काहींना तीच साधना वाटते.

आता हृदयाकडे येऊ. मानेत, जिथे मेंदूकडे जाणारी मोठी धमनी दोन फाट्यांत विभागते, तिथे तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की ती मेंदूला खबर देते. कुवलयानंदांनी लोणावळ्यात काम सुरू केलं तेव्हा तिचं हे काम कोणालाच नीट माहीत नव्हतं. ते उलगडल्याबद्दल बेल्जियमच्या कोर्नेय हेमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. ही खबर गेल्यावर काय होतं, हे माणूस त्या वेळी श्वास घेतोय की नाही यावर ठरतं. उंच डोंगरावर हवा विरळ असते, पण आपण श्वास घेतच असतो. तेव्हा श्वास जलद होतो, फुप्फुसं ताणली जातात आणि नाडीही वाढते. श्वास रोखलेला असेल, विशेषतः तोंड गार पाण्यात असेल, तर त्याच खबरीचा परिणाम उलटा होतो. मेंदू व्हेगस या मज्जातंतूमार्फत हृदयाला सावकाश चालायला सांगतो, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतो, आणि शिल्लक ऑक्सिजन मेंदू व हृदयासाठी राखून ठेवतो. सील आणि देवमासा यांच्यात हीच व्यवस्था फार पुढे गेलेली आहे. आपल्यात ती अर्धवट आहे.

आणि अर्धवट असल्यामुळेच माणसामाणसांत मोठा फरक आहे. गार पाण्यात तोंड बुडवून श्वास रोखायला लावलं, तर एखाद्याची नाडी पाच-दहा टक्क्यांनी उतरते, तर एखाद्याची जवळजवळ निम्मी होते. कमी ऑक्सिजनच्या हवेत कोणाचा श्वास लगेच धापेवर येतो, तर कोणी शांत बसून राहतो आणि ओठ निळे पडले तरी त्याला काही जाणवत नाही. यात काही भाग रक्तातून आलेला असतो. तिबेटच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांच्या जनुकांत विरळ हवेला जुळवून घेणारे बदल सापडले आहेत. काही भाग सरावाचा आणि वयाचा असतो. म्हातारपणी कमी ऑक्सिजनला मिळणारा नाडीचा प्रतिसाद मंदावतो. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांत हृदयाच्या मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते, त्यामुळे धोक्याची घंटा वाजते पण हृदयापर्यंत आवाज पोचत नाही. रक्तदाबासाठी किंवा अँजायनासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्याही नाडी वाढू देत नाहीत. अशा माणसाची नाडी बहात्तर आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

रक्तक्षय असलेल्यांची आणखी वेगळी फसगत होते. ऑक्सिमीटर फक्त एवढंच सांगतो की जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती भरलेलं आहे. हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईचा आकडाही ९८ येतो. गाड्या सगळ्या भरलेल्या आहेत, पण गाड्याच निम्म्या आहेत. तिचं हृदय आधीच जास्त धावून भरपाई करत असतं.

हृदयाची स्वतःची अडचण सगळ्यात मोठी. शरीराचे इतर भाग मिळून समोरून जाणाऱ्या रक्तातला साधारण पाव ऑक्सिजन घेतात आणि बाकीचा हाताशी राहतो. हृदयाचा स्नायू मात्र विश्रांतीतही सत्तर टक्क्यांच्या आसपास काढून घेतो. त्याच्याकडे शिल्लक जवळजवळ नसते. जास्त हवा असेल तर रक्ताचा प्रवाहच वाढवावा लागतो, आणि धमन्या अरुंद झालेल्या माणसात नेमकं तेच जमत नाही. पंचविशीतल्या साधकाचं हृदय रोखलेल्या श्वासाला जसं तोंड देतं, तसंच साठीच्या मधुमेही माणसाचं देईल, असं धरून चालता येत नाही ते यामुळे.

कुवलयानंदांना यातलं बरंचसं माहीत असणं शक्य नव्हतं. पण कुंभकाबद्दल ते सावध होते. आरोग्यासाठी प्राणायाम करणाऱ्या सामान्य माणसाने श्वास रोखण्यावर भर देऊ नये, श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या दुप्पट ठेवावा, यावर त्यांचा जोर होता. आजाऱ्यांना आसनं सांगतानाही ते एकच ठरलेला पाठ सगळ्यांना देत नसत. १९२७ मध्ये गांधीजींचा रक्तदाब वाढला तेव्हा त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला. त्या वेळचा पत्रव्यवहार वाचला तर आसनांबरोबर रक्तदाबाच्या आकड्यांचीही चर्चा दिसते. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातली पत्रं असावीत, तशीच ती आहेत.

त्यांच्या कामात उणिवाही होत्या, त्या सांगायला हव्यात. त्यांच्या प्रयोगांत माणसं फार थोडी असत, आणि तीही बहुतेक तरुण, निरोगी, आश्रमातले विद्यार्थी. सर्वांगासनाने थायरॉइड सुधारतं यासारखी विधानं त्यांनी आकड्यांच्या पुढे जाऊन केली, आणि ती अजूनही पाठ्यपुस्तकांसारखी लोकांच्या तोंडी आहेत. पण एका बाबतीत ते पक्के होते. मोजायला येणाऱ्या परक्या माणसाला त्यांनी कधी दार बंद केलं नाही.

येल विद्यापीठातले भारतीय मानसशास्त्रज्ञ के. टी. बेहनन त्यांच्याकडे योग शिकले, परत गेले आणि त्यांनी स्वतःवरच मोजमापं केली. उज्जायी करताना त्यांचा ऑक्सिजनचा वापर जवळजवळ चतुर्थांशाने वाढलेला आढळला. १९३७ च्या त्यांच्या पुस्तकात हे आलं. म्हणजे श्वास संथ करूनही खर्च वाढला होता, कारण श्वासाचे स्नायू जास्त काम करत होते. याउलट, १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये रामानंद योगी हवाबंद पेटीत बसले तेव्हा डॉ. बाल कृष्ण आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांचा ऑक्सिजनचा वापर नेहमीच्या विश्रांतीतल्या गरजेच्याही खाली गेलेला दिसला. पेटीतला ऑक्सिजन उतरत होता, तरी त्यांना धाप लागली नाही आणि नाडीही धावली नाही. दोन्ही निरीक्षणं खरी आहेत. क्रिया वेगळी, माणूस वेगळा, आकडा वेगळा.

नाडी थांबवण्याच्या दाव्याचा निकाल त्याआधीच लागू लागला होता. १९५७ मध्ये अमेरिकेतून मॅरियन वेंगर आणि बसू कुमार बागची ही शास्त्रज्ञ मंडळी ईसीजी वगैरे यंत्रं घेऊन भारतभर योग्यांना भेटत फिरली. हृदय थांबवतो म्हणणाऱ्या योग्यांच्या मनगटावर नाडी खरोखर लागेना, स्टेथोस्कोपमधून ठोकेही ऐकू येईनात. पण ईसीजीच्या कागदावर हृदय चालूच होतं. योगी श्वास रोखून, घसा बंद करून, छाती आणि पोटाचे स्नायू जोरात आवळत होते. त्यामुळे छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं आणि नाडी इतकी बारीक होते की बोटाला लागत नाही. याचा घरगुती नमुना प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. बद्धकोष्ठ असलेले आजोबा पहाटे शौचाला कुंथतात आणि तिथेच चक्कर येऊन पडतात. क्रिया तीच आहे, मात्र आजोबांच्या हृदयाला ती सोसत नाही. एका योग्याला मात्र हृदयाचे ठोके खरोखर मंद करता येत होते, हेही त्याच अभ्यासात नोंदलेलं आहे. सगळ्यांना एकाच मापात न बसवण्याचा हा प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर २०२० आठवा. दहा सेकंद श्वास रोखता आला तर तुम्हाला कोविड नाही, असा संदेश तेव्हा प्रत्येक फोनवर फिरत होता. त्याला कसलाही आधार नव्हता. वॉर्डात मात्र सत्तर-पंचाहत्तर आकडा असलेला माणूस खाटेवर बसून चहा मागत होता, आणि शेजारचा नव्वदवर असताना घामाघूम झाला होता. पहिल्याच्या शरीराने धोक्याची घंटा वाजवलीच नव्हती. श्वास रोखून बघा असं त्याला कोणी सांगितलं असतं तर तो पास झाला असता.

आमच्या म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यात हा विषय दर मे महिन्यात वेगळ्या रूपात येतो. मुंबईचे चाकरमानी गावी येतात, विहिरी आणि डोह मुलांनी भरतात, आणि पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याच्या पैजा लागतात. त्याआधी दहा-वीस जोरजोरात श्वास घेतले तर जास्त टिकता येतं, हे मुलांनी कुठेतरी पाहिलेलं असतं. टिकता येतं हे खरं आहे, आणि तोच सापळा आहे. श्वास घ्यायला भाग पाडणारी तळमळ मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. तो आधीच धुवून टाकला तर तळमळ उशिरा येते. तोवर ऑक्सिजन इतका उतरलेला असतो की मूल पाण्याखाली निवांत शुद्ध हरपतं. धडपड नाही, हाक नाही. काठावरच्यांना वाटतं, अजून टिकलाय. बोटीच्या पंख्यात गुंतलेलं जाळं सोडवायला बुडी मारणाऱ्या खलाशालाही हेच लागू आहे. बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेऊ नयेत, आणि पाण्यात एकट्याने श्वास रोखण्याचा सराव कधीच करू नये.

पेशंट मला विचारतात, टीव्हीवर दाखवतात तो कुंभक करू का? हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, छातीत दुखणारा, रक्तदाब आटोक्यात नसलेला, दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेला माणूस आणि गरोदर बाई, यांनी श्वास रोखू नये. न रोखता, जोर न लावता केलेला संथ श्वास बहुतेकांना चालतो. करताना छातीत भरून आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा ठोका चुकल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबून दवाखान्यात यावं आणि ईसीजी काढून घ्यावा. शेजाऱ्याला दोन मिनिटं जमतं, हे आपण करण्याचं कारण होऊ शकत नाही.

स्वामी कुवलयानंदांचं निधन १८ एप्रिल १९६६ रोजी झालं. सुरुवातीला ज्या जत्रेतल्या प्रयोगाचा उल्लेख केला, त्याची तपासणी त्यांच्या संस्थेतल्या करंबेळकर, विनेकर आणि भोळे या संशोधकांनी केली आणि १९६८ मध्ये ती इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आली. हवाबंद खड्डा तयार केला होता. त्यात उतरणाऱ्यांत भूमिगत समाधीचे जाहीर प्रयोग करणारा एक योगी होता, तसेच योगाचा कमी-अधिक सराव असलेले इतरही होते.

याचं गणित कोणालाही कागदावर मांडता येईल. समजा, खड्ड्यात दोन हजार लिटर हवा आहे. तिच्यात ऑक्सिजन सुमारे चारशे वीस लिटर. शांत पडलेला माणूस तासाला साधारण पंधरा लिटर वापरतो. म्हणजे ऑक्सिजन निम्म्यावर यायलाच चौदा तास लागतात. त्याआधीच सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचून डोकं दुखायला लागतं आणि धाप असह्य होते. घाबरून हातपाय झाडणारा हा सगळा साठा फार लवकर संपवतो, स्वस्थ पडून राहणारा सावकाश. लोणावळ्याच्या खड्ड्यातही वाढता कार्बन डायऑक्साइडच सगळ्यांना बाहेर काढत होता. सराव नसलेला माणूसही कित्येक तास राहू शकला, योगी त्याच्याहून काही तास जास्त राहिला, आणि प्रत्येकाचे आकडे वेगवेगळे नोंदवले गेले.